एकसष्टाव्या पानावरचं ‘क्लिअरली’

"पानं एकदा चाळून घ्या मॅडम, मंग मले म्हणू नका," प्रफुल म्हणाला आणि त्याने एकशे चौऱ्याऐंशी पानांचा गठ्ठा काउंटरवरून माझ्यापुढे सरकवला. प्रफुलचं बाइंडिंगचं दुकान वर्ध्यात आमच्या कॉलेजच्या मागच्या गल्लीत आहे. गेल्या पंधरा वर्षांत या भागात ज्या कोणाला डॉक्टर म्हणवून घ्यायची हौस आली, त्यातल्या बहुतेकांचे प्रबंध त्याच्या हाताखालून गेले आहेत. त्यातलं एक अक्षर आपल्याला कळत नाही असं तो अभिमानाने सांगतो. पण पान उलटं लागलं, सुटलं, दोनदा आलं, की शिव्या त्यालाच बसतात. म्हणून त्याचा नियम असा, की गोंद लावायच्या आधी ज्याचं त्याने त्याच्यासमोर उभं राहून एकेक पान उलटायचं, आणि मगच काळं रेक्झिन चढणार, सोनेरी अक्षरं उमटणार. मी पानं उलटायला लागले. वाचत नव्हते, नुसते खालचे आकडे बघत होते. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. एकसष्टला त्याच्या कटिंग मशीनचा पट्टा निसटला, तो मशीनला एक शिवी हासडून खाली वाकला आणि मला थांबावं लागलं. डोळे कुठेतरी टेकवायचे म्हणून मी तिसरी ओळ वाचली. ती ‘क्लिअरली’ या शब्दाने सुरू होत होती. म्हणजे, उघड आहे की. पुढचं वाक्य मी वाचलं, परत वाचलं, आणि मला काहीच उघड दिसेना.

हे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. माझ्या नवऱ्याला, रत्नदीपला, मी लग्नानंतर तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा तो झोपला, पण त्यात त्याचा दोष नाही, मी सांगताना घाबरत होते. एक वर्तुळ घ्या. घड्याळाची तबकडी म्हणा. अकरात तीन मिळवले की दोन येतात. कितीही मिळवत जा, बाहेर पडता येत नाही, फिरून तिथेच यावं लागतं. त्या वर्तुळावरच्या प्रत्येक बिंदूला एक उंची द्या. कुठे टेकाड, कुठे खड्डा, कुठे आभाळात गेलेला सुळका. हे झालं फलन. आता ते फलन थोडं थोडं फिरवत न्या, प्रत्येक फिरवलेल्या प्रतीला ठरावीक वजन द्या आणि सगळ्या प्रती एकमेकींत मिसळा. याला कन्व्होल्यूशन म्हणतात. सुळके बसतात, खड्डे भरतात, जे खरबरीत होतं ते गुळगुळीत होतं. एम.एस्सी.च्या वर्गात मधुकरराव सर हात गोल फिरवून सांगायचे, "घरी पिठलं घोटते ना तुमची माय, तसं." वर्ग हसायचा. मीही हसायचे, सगळे हसले की मग. तर ही घोटायची क्रिया सभ्य फलनांवर आधी ठरवून ठेवलेली असते, आणि प्रश्न असा, की आणखी किती उनाड फलनं आत घेतली तरी बाहेर सभ्यच येतील? घर किती वाढवता येईल? माझ्या आठ वर्षांच्या प्रबंधाचं म्हणणं एवढंच, की वजनं सगळी धन असली तर घर नेहमी वाढतं. अपवाद एकच. सगळंच्या सगळं वजन एका बिंदूवर ठेवलं तर वाढत नाही, कारण मग घोटणं होतच नाही, नुसतं फिरवणं होतं. ही अपवादाची पायरी माझी नव्हती, सरांची होती, आणि तेच माझे मार्गदर्शकही. त्यांच्या उमेदीच्या काळातला, एका लहानशा नियतकालिकात छापून आलेला त्यांचा एकुलता एक निष्कर्ष, गणिताच्या भाषेत लेमा. माझा अर्धा तिसरा भाग, चौथा आणि पाचवा हे तीनही मजले त्या पायरीवर उभे होते.

प्रफुल पट्टा बसवत होता आणि मी उभ्याउभ्या मनात अर्धं वजन एका बिंदूवर ठेवलं आणि उरलेलं अर्धं वर्तुळभर सारखं पसरलं. सरांची अट तर पाळली गेली. सगळं वजन काही एका बिंदूवर नाही. आता त्यात एक उनाड फलन घातलं. पसरलेलं वजन त्याला सपाट करतं, खरं आहे. पण त्या एका बिंदूवरचं वजन त्याच फलनाची जशीच्या तशी प्रत बाहेर काढतं. उंची अर्धी होते, उनाडपणा तोच राहतो. आणि सगळी वजनं धन, म्हणून त्या सुळक्याला खाली ओढणारं कोणी नाही. अर्धं तरी कशाला, हजारावा हिस्सा ठेवा. एका बिंदूवर रतीभर वजन साचून राहिलेलं असलं, की घर एक वीतही वाढत नाही. किती घोटा. एवढंच होतं ते. दोन ओळी. वर्गातल्या कुठल्याही पोरीला फळ्याजवळ बोलावलं असतं तर तिने करून दाखवलं असतं.

"नंबर बरोबर हायेत ना मॅडम?"

"नंबर बरोबर आहेत," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"मंग लावू गोंद?"

"सोमवारी सकाळी सांगते."

"सोमवार तं शेवटचा दिवस म्हणून राह्यल्या होत्या तुम्ही." त्याने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. या दुकानात त्याने शेवटच्या दिवशी रडणारी माणसं पाहिलेली आहेत. मी म्हटलं, सरांची सही राहिली आहे, उद्या रविवारी कारंज्याला जाऊन घेऊन येते. हेही खरंच होतं. सरांच्या सहीचं प्रमाणपत्र पहिल्या पानानंतर लावायचं होतं आणि त्याची जागा आम्ही कोरी ठेवली होती.

सोमवारनंतर काय, ते मला पाठ होतं. दोनदा मुदत वाढवून घेतली होती, तिसऱ्यांदा मिळत नाही; नोंदणी रद्द. सर निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, त्यांच्याकडची नोंदणी झालेली मी शेवटची. पुन्हा करायचं तर नवा मार्गदर्शक, नवी प्रवेशपरीक्षा, आणि मी सेहेचाळीस वर्षांची. बावीस वर्षं मी या कॉलेजात गणित शिकवते आहे आणि माझ्यानंतर आलेल्या दोघी विभागप्रमुख होऊन गेल्या, कारण त्यांच्या नावामागे पीएच.डी.चं शेपूट आहे आणि माझ्या नाही. मला ते हवं होतं. उगीच साधुसंताचा आव आणण्यात अर्थ नाही, मला ते फार हवं होतं. हिंगणीच्या आमच्या विहाराच्या भिंतीवर शिकलेल्यांच्या नावांचा एक फळा आहे, त्यावर आईने, कमलाबाईने, माझ्या नावाआधी थोडी जागा सोडायला लावली होती. रंगवणाऱ्याने विचारलं, इथं काय लिहायचं? आई म्हणाली, लिहू मंग, वेळ हाये. आई गेली त्याला चार वर्षं झाली. जागा अजून तशीच आहे, आणि जयंतीला गेलं की माझं नाव बाकीच्यांपेक्षा दोन इंच उजवीकडे सरकलेलं दिसतं.

संध्याकाळी रत्नदीपचा फोन आला. तो भंडाऱ्याला नोकरीला आहे, पंधरा दिवसांनी घरी येतो. मी त्याला चौथ्यांदा कन्व्होल्यूशन सांगितलं आणि या वेळी तो झोपला नाही.

"म्हणजे चुकलेलं हाये," तो म्हणाला.

"हो."

"कोणाले माहीत हाये?"

"मला."

"अन् तपासणारे?"

"ते कशाला बघतात? जुना छापलेला निष्कर्ष आहे. मीच आठ वर्षं बघितला नाही."

तो हळू आवाजात, मला सांभाळून घेतल्यासारखं म्हणाला, "पौर्णिमा, झाकली मूठ सव्वा लाखाची. जमा करून टाक. तुह्या वर्तुळावर कोणाचं घर वाढलं काय अन् नाई वाढलं काय, कोणाचं काय जाते?" मला त्याचा राग आला नाही. तो बरोबर बोलत होता. एखादा पूल पडणार नव्हता, कोणी औषध चुकीचं घेणार नव्हतं. काळ्या रेक्झिनमधला गठ्ठा ग्रंथालयाच्या वरच्या फळीवर जाऊन बसला असता आणि तिथे त्याच्या आजूबाजूला काय काय बसलंय ते मला चांगलं माहीत आहे.

मी कपाट उघडून सरांची जुनी फाइल काढली. आठ वर्षांपूर्वी त्यांनी हा निष्कर्ष मला हाताने उतरवून दिला होता, लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. सर कागद वाया घालवत नाहीत. त्यांच्याकडचं बरंचसं गणित कोणाच्या तरी शुभविवाहाच्या मागे असतं. त्यांचं ते तिरकं अक्षर, आणि तिसऱ्या ओळीत ‘क्लिअरली’. आणि समासात, त्या शब्दासमोर, कागद किंचित खरखरीत झालेला. मी दिव्याखाली धरला. पेन्सिलीची एक खूण होती, खोडलेली. प्रश्नचिन्ह. माझंच, मी ते खालून वर काढते, वर्गातही पोरी हसतात त्याला. म्हणजे आठ वर्षांपूर्वी मी इथे थांबले होते. मला कळलं नव्हतं, आणि आपल्याला कळलं नाही हे मला कळलं होतं, आणि मग मी खोडरबर घेऊन ते पुसलं होतं. दुकानात मला जे दिसलं ते नवं नव्हतं तर. चूक सरांची आहे म्हणून दुपारपासून मनात कुठेतरी एक बारीकसं समाधान होतं, ते गेलं.

का पुसलं, हेही मला ठाऊक आहे. माझे बाबा रामाजी बोर धरणावर चौकीदार होते. रोज सकाळी पाण्याची पातळी वाचायची आणि वहीत लिहायची, हे काम. साहेब आले की बाबा बाजूला उभे राहत आणि साहेब जे म्हणतील त्याला ‘जी’ म्हणत. समजलं तरी जी, नाही समजलं तरी जी. सातवीत मी एकदा शाळेतून रडत आले, गुरुजींना अपूर्णांक परत विचारला म्हणून वर्ग हसला होता. बाबांनी माझे पाय धुतले, मला ओट्यावर बसवलं आणि म्हणाले, "इचारू नको माय. इचारलं का त्यायले समजते आपल्याले येत नाई. पाठ करून घे, घरी आल्यावर समजून घे, पन तिथं मान हालव." वाईट सल्ला नव्हता तो. त्या सल्ल्यावर मी बारावी झाले, बी.एस्सी. झाले, एम.एस्सी.ला पहिली आले. रात्र रात्र पाठ करायचं आणि कधीतरी, चार दिवसांनी, चार महिन्यांनी, आतून उलगडायचं. पण जे नाही उलगडलं ते तसंच पोटात राहायचं, आणि वरून मान हलत असायची. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी स्टाफरूमच्या दाराशी वह्या घेऊन उभी असताना आतून कोणीतरी म्हणालं होतं, "सवलतीतून आलेली ही पोरं नुसती माना डोलावतात. आत ढिम्म." आवाज सरांचा नव्हता. सर तिथे होते की नव्हते ते मला आजही माहीत नाही. मी वह्या खिडकीत ठेवल्या आणि निघून आले. त्या दिवसापासून मी विचारायचं कायमचं सोडलं, हट्टाने सोडलं, जणू न विचारणं हाच पुरावा होता. चोवीस वर्षं सर मला म्हणत आले, ही पोरगी हुशार हाये, हिले एकदा सांगितलं का पुरते. मला ते ऐकायला गोड वाटायचं, आणि त्याच्यामागे एक भीती कायम उभी असायची.

रविवारी सकाळी आर्वीवरून जाणारी बस धरली. अर्धं तिकीट, खिडकीची जागा, मांडीवर प्रमाणपत्राचं पाकीट आणि लग्नपत्रिकांची फाइल. जानेवारीचं ऊन पडलं होतं, रस्त्याच्या कडेने तूर कापून ढीग लावले होते. मी ठरवलं काहीच नव्हतं. आर्वीपर्यंत मला वाटत होतं, सही घ्यायची आणि गप यायचं. सरांना काचबिंदू आहे, एक डोळा गेला, दुसऱ्याने उजेड-अंधार कळतो, त्यांना कागद दाखवायचा प्रश्नच नाही. सत्तरीला आलेल्या माणसाला, ज्याच्या नावावर आयुष्यात एकच गोष्ट आहे, ती गोष्ट खोटी आहे हे जाऊन सांगायचं कशाला? हे दयेसारखं वाटत होतं. आर्वीनंतर एका वळणावर माझ्या लक्षात आलं की ही दया नाही, हे बाबांचं ‘जी’ आहे. मग पुन्हा वाटलं, असू दे ‘जी’, मी थकले आहे. खरंच थकले आहे. पहिलीपासून आत्तापर्यंत जे जे कळलं नाही ते कळल्यासारखं करायला केवढी ताकद लागते, ते ज्यांना हात वर करता आला त्यांना नाही समजायचं. बाजूला बसलेल्या बाईने पदराच्या गाठीतून संत्रं काढून अर्धं मला दिलं. मी खाल्लं आणि बिया मुठीत धरून बसले.

सरांचं घर कारंज्यात हायवेपासून आत, शेताला लागून आहे. ट्रकांची घरघर तिथवर येते. अंगणात आनंदाबाई, सरांच्या पत्नी, सुपात तुरीच्या शेंगा घेऊन सोलत बसल्या होत्या. "ये व पौर्णिमा," त्या म्हणाल्या, "काल्पासून वाट पाहून राह्यले. मले दहादा इचारलं, सोमवारच हाये ना, सोमवारच हाये ना." सर आत खाटेवर बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. घरात कोणी इस्त्रीचा शर्ट घालत नाही. माझ्यासाठी, सहीसाठी घातला होता. माझ्या पावलांच्या आवाजाकडे त्यांनी मान वळवली.

"आली काय. बस. आणलं?"

"आणलं सर."

"जाड झाला?"

"एकशे चौऱ्याऐंशी पानं."

"माह्या लेमाचं पान कोणतं?"

"एकसष्ट."

ते स्वतःशीच हसले. "आनंदाबाई, ऐकलं काय, एकसष्ट." मग त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण दातांनी उघडलं आणि हात पुढे केला. "दाखव कुठं करू. बोट ठिवून दाखव, मले दिसत नाई." मी प्रमाणपत्र एका पुठ्ठ्यावर ठेवून त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांच्या डाव्या हाताचं बोट हातात घेतलं. ते बोट कोरडं आणि हलकं होतं, त्यावर खडूचा एक जुना पांढरेपणा अजून आहे असं मला वाटलं, तसा तो असणं शक्य नव्हतं. खाली रेघ होती, रेघेखाली त्यांचं नाव छापलेलं होतं. बोट तिथे न्यायचं आणि टेकवायचं, एवढंच काम होतं. मी ते नेलं नाही. हवेत तसंच धरून राहिले. पेन उजव्या हातात थांबलेलं. बाहेर शेंगा फुटल्याचा आवाज येत होता.

"काय झालं?"

"सर," मी म्हटलं, "एक विचारू?"

त्यांची मान माझ्याकडे वळली. चोवीस वर्षांत मी त्यांना हे दोन शब्द कधी म्हटले नव्हते, आणि ते त्यांनाही माहीत होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं.

"इचार."

"एकसष्ट पानावर क्लिअरली आहे. ते कसं क्लिअर आहे?"

ते म्हणाले, "सगळं वजन एका जागी नाई, म्हणजे ते पसरलेलं हाये. पसरलेलं हाये म्हणजे घोटलं जाते. हातच्या कांकनाले आरसा कायले पायजे?" पण हे बोलताना आवाज वर्गातल्यासारखा नव्हता. मी उठून स्वयंपाकघरात गेले, एक स्टीलचं ताट घेतलं आणि परातीतल्या भिजवलेल्या कणकेचा एक लहान गोळा. आनंदाबाईंनी दारातून पाहिलं. ताटाच्या सगळ्या कडेवर मी कणीक पातळ, सारखी सारवली. आणि एका जागी चिमूटभर तशीच ठेवून दिली. ताट सरांच्या मांडीवर, पुठ्ठ्यावर, प्रमाणपत्राच्या वर ठेवलं. त्यांचं बोट कडेला लावलं.

"हे वर्तुळ, सर. हे वजन. फिरवा."

बोट फिरलं. गुळगुळीत गेलं, गुळगुळीत गेलं, आणि त्या गोळीशी अडलं.

"सगळं एका जागी नाही," मी म्हटलं. "पण थोडं एका जागी आहे. तेवढ्यामुळे आत घातलेलं फलन तसंच्या तसं बाहेर येतं. लहान होऊन येतं, पण तसंच. बाकीची वजनं धन आहेत, ती त्याला मिटवू शकत नाहीत. ही गोळी कितीही लहान केली तरी तेच." मी बोलत राहिले, दोन ओळी होत्या त्या मी पाच मिनिटं बोलले.

बोट परत फिरलं. परत अडलं. तिसऱ्यांदा त्यांनी ते उलट्या बाजूने नेलं, जणू तिकडून वाट मोकळी असेल. मग बोट त्या गोळीवर ठेवून ते बसून राहिले. शर्टाची इस्त्री कोपराशी मोडली होती.

"नागपूरले मोठ्या सरांकडे, माह्या गाईडकडे, गेलतो मी," ते म्हणाले. "पायजमा घालून. बाकीचे सारे पॅन्टवाले. इंग्रजीत फाडफाड बोलत. हे माह्या कागदावर त्यायनंच लिहून देल्लं होतं, क्लिअरली. म्हटले, दॅट इज क्लिअर, इजन्ट इट. म्या मान हालवली. मले वाटलं सगळ्यायले समजलं. शेतातून आलेल्या मानसाले काय समजते. मंग छापून आलं. छापून आल्यावर कोनाले इचारू?"

एवढी वर्षं मी त्यांना भीत होते, आणि तेही कोणाला तरी भीतच बसले होते, हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांना दिसत नाही म्हणून मी ते पुसलं नाही.

"तू काऊन नाई इचारलं मले, आठ वर्सं?"

"मला वाटलं, मलाच कळत नाही."

त्यांनी मान हलवली. मग हात चाचपत ताट बाजूला सारलं, खालचं प्रमाणपत्र सापडलं, त्यावर कणकेचा एक ओला डाग पडला होता. बोटांनी तो डाग चाचपून पाहिला. "किती जाते?" त्यांनी विचारलं.

"अर्धा तिसरा. चौथा आणि पाचवा पूर्ण."

"अन् ज्या वजनात कुठंच गाठ नाई, त्याचं?"

"त्याचं काही माहीत नाही सर. खरं ठरेलही, नाहीही. पहिल्यापासून करावं लागेल."

"सोमवारपर्यंत नाई होनार."

"नाही."

"म्या सही केली तं जमा होईल."

"होईल," मी म्हटलं. पेन त्यांच्या हातात होतं आणि दुसरा हात त्यांनी पुन्हा पुढे केलेला होता, बोट टेकवून द्यायला. त्यांनी निर्णय माझ्यावर सोडला होता. रागाने नाही, प्रेमानेच. मला आईने सोडायला लावलेली दोन इंच जागा दिसली, प्रफुलची सोनेरी अक्षरं दिसली. मी त्यांच्या हातातून पेन घेतलं, टोपण लावलं आणि ते त्यांच्या खिशात अडकवलं. प्रमाणपत्राची घडी घालून पाकिटात ठेवली. बिनसहीच्या कागदाची घडी घालायला फार वेळ लागत नाही. सोमवार गेला होता, तो आत्ता, या खोलीत, रविवारी दुपारीच गेला होता, आणि तो गेल्याचं मला दुःख झालं, अजून होतं.

आनंदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "झाली सही?" त्यांनी विचारलं. त्यांनी सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग ताटाच्या कडेवरच्या कणकेकडे. "जेवून घ्या मंग," त्या म्हणाल्या. "पानी ठेवतो."

"थांब जराशी," सर म्हणाले. ते सरसावून बसले, शर्टाच्या बाह्या वर केल्या, आणि ताट कुठे आहे ते हाताने शोधून परत मांडीवर ओढून घेतलं. त्यांचा चेहरा मला ओळखू येईना. तो म्हाताऱ्या माणसाचा नव्हता, सरांचाही नव्हता. पहिल्या दिवशी मागच्या बाकावर बसलेल्या पायजम्यातल्या कोणाचा तरी होता.

"पौर्णिमा," ते म्हणाले, "मले समजलं नाई. परत सांग."

मी त्यांचं बोट धरलं आणि ताटाच्या कडेवर ठेवलं.